तापमानाचा रकाना

रविवार, ३ नोव्हेंबर, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे : आर्द्रता ७१ टक्के.

वहीतली ही पहिली नोंद. ती लिहिताना आई माझ्या मागे उभी होती. झोपायच्या खोलीतले कपाट आम्ही आदल्या दुपारीच पुढे ओढले होते आणि त्याच्यामागच्या उत्तरेकडच्या भिंतीवर तळहाताएवढा काळा डाग दिसत होता. बुरशी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या घरमालकीणबाईंनी आदल्या संध्याकाळी डाग स्वतः पाहिला होता. जाताना हातात एक लहान आर्द्रतामापक ठेवला आणि सोबत टंकलिखित पत्र. पत्र अतिशय सभ्य होते. आकडा साठच्या खाली राहिला पाहिजे, जानेवारीच्या मध्यापर्यंत भिंत कोरडी झाली पाहिजे. न झाल्यास दुरुस्तीसाठी घर रिकामे करावे लागेल.

आम्ही जर्मनीतल्या येना शहरात दोन वर्षांपुरते आलो होतो. मी भिंगांवर चढवण्याच्या अतिपातळ थरांवर संशोधन करते. नवऱ्याची नोकरी झिंडेलफिंगेनला, मोटारींच्या कारखान्यात. तो शुक्रवारी संध्याकाळी येई आणि रविवारी परत जाई. मुलगी चार वर्षांची. ती बारा वाजता किटामधून, म्हणजे बालवाडीतून, सुटत असे, आणि माझी मोजमापे मात्र दुपारी ऐन रंगात येत. म्हणून आई नागपूरहून आली होती, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. ती प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. त्या नव्वद दिवसांत प्रयोगाचा मुख्य टप्पा संपवायचा, असे माझे वेळापत्रक होते आणि त्यात कोठेही मोकळी जागा नव्हती.

हिवाळ्याच्या तोंडावर, उरलेल्या एका वर्षासाठी, किटाला चालत जाता येईल असे दुसरे घर मिळणे जवळजवळ अशक्य होते. मी हे आईला जसे होते तसे सांगितले.

"भिंत वाळली नाही तर घर जाईल. घर गेलं तर मला हे काम अर्धवट सोडावं लागेल."

तिने डागाकडे पाहिले, मग मापकाकडे. "म्हणजे आपण श्वास घेतला तरी भिंत ओली होते?"

"होते. श्वास, आंघोळ, भात, वाळत घातलेले कपडे. सगळी वाफ थंड भिंत शोधते."

"बाप्पा! म्हणजे तू आता माझा श्वास मोजून राहिली."

"अहो आई, इथे खिडकीलाही वेळापत्रक असतं," नवरा मुलीच्या बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. "सकाळ, दुपार, रात्र. दहा मिनिटं सताड उघडायची आणि बंद."

"जेवणाआधी की जेवणानंतर?" आईने गंभीर चेहऱ्याने विचारले. आम्ही तिघेही हसलो. आम्ही हसतो आहोत म्हणून मुलगीही हसली.

वही आखली ती मीच. तारीख, वेळ, आर्द्रता. सकाळची आणि रात्रीची नोंद माझी, दुपारी दोनची आईची. प्रयोगशाळेत आम्ही आर्द्रता एका टक्क्याच्या अंतरात सांभाळतो. घरात दहा टक्के खाली आणता येणार नाहीत, हे मला पटत नव्हते. आईने चष्मा लावून मापक डोळ्यांजवळ नेला.

"याच्यात खाली अजून एक आकडा आहे. तो लिहू का?"

"तो तापमानाचा. त्याची गरज नाही."

"एक रकाना वाढवला असता तर?"

"आई, गरज नाही."

तिने मान हलवली. आयुष्यभर मुलांना सूचना दिलेली बाई सूचना काटेकोर पाळते, हे मी गृहीत धरले होते. ते खरेच होते.

त्याच आठवड्यात वाफाऱ्याचा प्रसंग घडला. आईला वर्षानुवर्षे खोकला होता. खडूची देणगी, असे ती म्हणे. थंडी पडली की रोज सकाळी पातेल्यात पाणी उकळायचे, ओवा टाकायचा, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा आणि पंधरा मिनिटे वाफ घ्यायची, हा तिचा नेम. त्यासाठी तिने सामानातून स्वतःचे पातेले आणले होते. मी सकाळी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती टॉवेलखाली होती आणि खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होते. मी मापक आणून ओट्यावर ठेवला. आकडा अठ्ठ्याहत्तर.

"आई, हे इथे नको."

टॉवेलखालून तिचा लाल, ओलसर चेहरा बाहेर आला. "रोज नाही, आजच घेतली. छाती भरून आली होती."

"मी तुला औषध आणून देते. पण वाफ नको. प्लीज."

औषध आणले. खोकल्याची हिरवी बाटली. पातेले दुसऱ्या दिवशी तिने पुसून परत सामानात ठेवले. त्याबद्दल ती पुन्हा बोलली नाही आणि मीही नाही. त्या दिवशीची नोंद माझ्या अक्षरात आहे आणि शेजारी मी लिहिले आहे : 'अपवाद, पुन्हा होणार नाही.'

नोव्हेंबरच्या अखेरीस आकडे उतरू लागले. माझे सकाळचे आकडे अजून साठच्या आसपास घुटमळत होते. आईचे दुपारचे मात्र उत्तम होते. अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, शेहेचाळीस. शाळेतल्या हजेरीपटासारखे तिचे नीटस अक्षर, प्रत्येक आकड्याखाली छोटी रेघ. इतके एकसारखे आकडे घरगुती परिस्थितीत येत नाहीत. माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्याने असा तक्ता आणला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता : तापमान किती होते? सापेक्ष आर्द्रता तापमानाशिवाय सांगणे म्हणजे अर्धे वाक्य बोलणे. हे मी इतरांना शिकवते. घरी मी तक्त्याकडे पाहून समाधानाने म्हणाले, "आई, तुझे आकडे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मग! शाळेत निकाल कोणाचा चांगला लागायचा?"

तिला झालेला आनंद मला अजून दिसतो.

डिसेंबरात एका संध्याकाळी मुलीला न्हाऊ घालताना ती म्हणाली, "आजी आणि मी पिंग्विन होतो."

"कधी?"

"मिटाग." दुपारी. तिच्या मराठीत असे शब्द सहज मिसळत. "मांटेल घालायचा, टोपी घालायची, ब्लँकेटमध्ये बसायचं. आजी मोठा पिंग्विन. हलायचं नाही."

"आणि मग?"

"मग आजी आकडा लिहिते. मग खिडकी त्सू." म्हणजे बंद.

मी तिच्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून तिचे डोके मागे धरले होते. कोट घालून घरात बसण्याचा खेळ मला गमतीचा वाटला. आजी किती कल्पक आहे, असे मी शुक्रवारी नवऱ्याला सांगितलेही. कोट कशासाठी, हा प्रश्न मी विचारला नाही. प्रश्न विचारण्याचा माझा सगळा वेळ त्या महिन्यात एका थराच्या जाडीवर खर्च होत होता.

आई रात्री लवकर झोपत असे, दार ओढून, तोंडावर शाल घेऊन. खिडकीत ठेवलेली बुद्धाची लहान मूर्ती तिने आतल्या टेबलावर हलवली होती. रविवारी सकाळी वंदना म्हणताना तिचा आवाज मध्येच तुटे. ती थांबे, पाण्याचा घोट घेई आणि तिथूनच पुढे म्हणे. मी मागे हात जोडून बसलेली असे. मला ते थांबणे वयाचे वाटले.

जानेवारीच्या मध्यावर घरमालकीणबाई आल्या. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, वही चाळली, आईच्या अक्षरातल्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. असेच हवे." घर वाचले. माझा टप्पाही पूर्ण झाला होता. दोन दिवसांनी आम्ही आईला फ्रांकफुर्टच्या विमानतळावर पोचवले. तपासणीच्या रांगेपाशी तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"वाळली ना तुझी भिंत?"

"वाळली. पुढच्या हिवाळ्यात परत ये. त्या वेळी नुसती फिरायला."

"येते ना. पिंग्विनला सांगून ठेव," ती म्हणाली. मग नातीला जयभीम केला, नातीनेही केला, आणि ती रांगेत गेली. वळून पाहताना तिने रुमाल तोंडावर धरला होता. मला वाटले, रडते आहे.

फेब्रुवारीत एका शनिवारी जिन्यात घरमालकीणबाई भेटल्या. आईची तब्येत कशी आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, उत्तम.

"बरे झाले," त्या म्हणाल्या. "दुपारी फार खोकत असत. डिसेंबरभर मला तुमच्या छतातून, म्हणजे माझ्या जमिनीतून, ऐकू येई. शिवाय खिडकी दोन-दोन तास उघडी. मी एकदा खाली येऊन सांगणार होते की दहा मिनिटे पुरेत. मग वाटले, तुम्हाला माहीत असेलच."

मी त्यांचे आभार मानले. नवरा मुलीला घेऊन बाहेर गेला होता. मी घरात आले आणि त्या दुपारी बारा वाजता खिडकी सताड उघडून मापकासमोर बसले, कोट न घालता. बाहेर दोन अंश होते. दोन वाजता आर्द्रता सत्तेचाळीस. खालचा आकडा अकरा अंश.

आईने एकही नोंद खोटी केली नव्हती. सगळे आकडे बरोबर होते.

मी फोन केला. "आई, दुपारी खिडकी किती वेळ उघडी ठेवायचीस?"

"दहा मिनिटं."

"आई."

तिने खोकला आवरला. "अगं, बंद केली की आकडा चढून राहिला होता. दोन वाजता चांगला यायला पाहिजे ना? तुझं घर जाऊन राहिलं होतं. पोरीला मी दोन-दोन स्वेटर घालत होती, तिला काही झालं नाही."

"आणि तुला?"

"मला काय होते? खोकला माझा जुना आहे. सांगितलं असतं तर तू काम टाकून माझ्या मागं लागली असती."

मार्चमध्ये डॉक्टरांनी तिची छाती तपासली. फुप्फुसे कडक होत गेली होती. आजार जुना, बहुधा दहा वर्षांचा, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. मी थेट विचारले : थंडीने वाढला का? ते म्हणाले, सांगता येत नाही. थंडीने हा आजार होत नाही. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य मी वर्गात कितीदा तरी उच्चारले आहे. ते खरे आहे आणि त्याचा मला काहीही उपयोग झाला नाही. यापुढे विमानप्रवास नाही, एवढे मात्र त्यांनी ठामपणे सांगितले. म्हणजे पुढचा हिवाळा नाही.

आई जूनच्या शेवटी गेली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरला पोचले तेव्हा घरात पांढऱ्या साड्यांची गर्दी होती आणि पंखा जोरात फिरत होता. त्या दिवसाबद्दल मला लिहिता येत नाही. मला लिहायचे आहे ते मे महिन्यातल्या बारा दिवसांबद्दल, जेव्हा मी तिच्याजवळ होते. त्यातलीही शेवटची दुपारच.

बाहेर त्रेचाळीस अंश होते. खिडकीत कूलर चालू होता, वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपत होते आणि खोलीत ओल्या गवताचा वास होता. आईच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. मी सकाळी तिला वाफ देत असे, तेच पातेले, तोच टॉवेल. टॉवेलचे एक टोक मी धरून बसे. ती हसून म्हणे, "अपवाद." माझी ती नोंद तिने वाचली होती, हे मला तेव्हा कळले.

त्या दुपारी निघण्याआधी मी बॅगेतून वही आणि मापक काढले. कशासाठी आणले होते, मलाही नीट सांगता आले नसते. तिने डोळे उघडले.

"किती आहे?"

"बासष्ट."

तिची नजर कूलरकडे गेली, मग दाराकडे. कोपरावर रेलून ती उठू लागली. "जास्त आहे ना? थांब, खिडकी उघडते."

"नाही आई. झोप तू. इथे एवढंच हवं."

"खरं?"

"खरं."

ती परत उशीवर टेकली. मी तिच्या पायावरची चादर नीट केली. मग वहीत तारीख घातली, वेळ घातली, आर्द्रता लिहिली. पट्टी नव्हती म्हणून तिकिटाच्या पाकिटाच्या कडेने शेजारी एक रेघ मारली, आणखी एक रकाना आखला आणि मापकावरचा खालचा आकडा त्यात उतरवला. ती पाहत होती.

"आता बरोबर झाला तक्ता," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

त्यानंतर मी वहीत काही लिहिलेले नाही. शेवटची नोंद अशी आहे : बुधवार, २१ मे, दुपारचे दोन. आर्द्रता ६२ टक्के. तापमान २९ अंश.