मंगळवार भजनी मंडळ, कोपरी

कोपरीत सहदेव कोळीच्या दारावर ‘मंगळवार भजनी मंडळ’ ही पाटी अजून आहे. रंग उडालाय, पण वाचता येते. पाटी लागल्यावर पहिली तीन वर्षं या मंडळाने एकही भजन केलं नाही.

सहदेव ठाण्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करायचा. लोकांचे घटस्फोट, वारसदाखले, भाडेकरार. धंद्याचा त्याचा नियम एकच होता. पक्षकार बोलेल ते टाइप करायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. स्वतः त्याने लग्न केलं नाही, कारण त्याला पुरुष आवडायचे. कलम ३७७ खाली हा गुन्हा ठरतो हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. दंडसंहितेचं पुस्तकच त्याच्या टेबलाच्या आखूड पायाखाली असायचं.

२००८ पासून आम्ही आठ जण त्याच्या घरी दर मंगळवारी जमायचो. डोंबिवलीचा मितेश, कळव्याचे दोघे, वर्तकनगरचा मी, असे. पोलिसाने अडवलं तर काय बोलायचं, वकील कुठला गाठायचा, घरच्यांनी मुलगी दाखवायला नेलं तर पत्रिकेत खोट कशी काढायची, हे आमचे विषय. आठ पुरुष दर आठवड्याला दार लावून काय करतात, असं शेजारी विचारणारच. पत्ते म्हणावं तर तेही खेळायला आले असते. म्हणून भजन.

सहदेवची आई चंद्रभागा बाजारात मासळी विकून सहाला परतायची, आम्हाला चहा द्यायची आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. विचारायची काही नाही.

२००९ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ते कलम आमच्यापुरतं मोडीत काढलं. आम्ही तलावपाळीवर आइस्क्रीम खाल्लं. आइस्क्रीम संपेपर्यंत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, असं मितेश म्हणतो. दोन वर्षांनी एका मंगळवारी आमच्या वकीलबाई सुमती आल्या. म्हणाल्या, “आईवडलांची प्रतिज्ञापत्रं हवीत. आमचं मूल गुन्हेगार नाही, एवढं लिहून देणारं कोणीतरी. शनिवारपर्यंत.”

सगळे दारातल्या चपला मोजू लागले.

“माझी आई सही करेल,” मितेश म्हणाला, “माझ्या तेराव्याच्या पत्रिकेवर.”

“सहदेव, तुमच्या आई?”

“तिला यातलं काही माहीत नाही,” सहदेव म्हणाला. “म्हातारपणी ती एकट्या माझ्याकडे बघून जगते. ते बघणं बदललं, तर मी जाऊ कुठे?”

वकीलबाई उठल्या आणि त्याच दारातून शेजारच्या रखमाबाई आत आल्या. “शुक्रवारी संध्याकाळी सत्यनारायण आहे आमचा. मंडळाने यायचं हां! तीन वर्षं शेजार, पण आवाज म्हणून कानावर नाही तुमचा.”

नाही म्हणायला सबब सुचेना. खोटं बोलायची एवढी सवय असलेली आठ माणसं ऐन वेळी कमी पडली.

शुक्रवारी उसने टाळ घेऊन आम्ही रांगेत बसलो. पूजा झाली, आरती झाली, सगळं घर आमच्याकडे बघू लागलं. मितेशने दोनदा घसा खाकरला. तेवढंच आमचं गायन. रखमाबाईंचे यजमान “अहो, होऊ द्या!” म्हणाले आणि सहदेव टाळाची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

तेव्हा मागून चंद्रभागाने एकवीरेचं गाणं उचललं. अर्धं आयुष्य बाजारात ओरडून कमावलेला आवाज. दुसऱ्या ओळीला सगळी बायामंडळी तिच्यामागे, आणि आम्ही मिळेल तिथे टाळ आपटत होतो. सत्यनारायणाला हे गाणं कसं, असं कोणी विचारलं नाही.

घरी आल्यावर आमच्यादेखत ती सहदेवला म्हणाली, “भित ही येवढीशी. तीन वरसं झाली, एक टाल वाजला नाय. मना काय येडी समजतंस?”

“मग बोलली का नाहीस, आये?”

“तू सांगशील म्हनून. ती वकीलबाई बोलत व्हती, तवा खिडकी उघडीच व्हती रं. कागुद उद्या देयाचा ना? काढ मशीन.”

सहदेवने कागद चढवला. ती सांगू लागली. “माझा पोरगा सहदेव. त्यानं कोनाचं वाईट केलं नाय. त्याला गुन्हेगार बोलू नका. बोंबील साफ करताना अर्धा फेकून देतो, त्याचा गुन्हा तेवढाच.”

त्याचे हात थांबले. “हे कोर्टात चालत नाही, आये.”

“तू टायपिस्ट ना? मी बोलते तसा मार.”

त्याने मारला. आम्ही त्याला टाइप करताना चुकलेलं पहिल्यांदाच पाहिलं. तीन कागद वाया गेले. शनिवारी तिने नोटरीसमोर अंगठा दिला. सुमतीबाईंनी मजकूर वाचला, बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “बोंबील राहू द्या.”

उसने टाळ परत करायचे राहिले ते राहिलेच. २०१३ साली आम्ही हरलो. २०१८ साली जिंकलो. चंद्रभागाने टीव्हीवर बातमी ऐकून विचारलं, “म्हंजे आता भजन बंद?”

“अजून लग्नाचं आहे, आये.”

“मंग टाल पुसून ठेव. काले परलेत.”

पुढच्या वर्षी ती गेली. लग्नाच्या हक्काचा खटला २०२३ साली हरलो.

आता मंगळवारी पंचविशीतली मुलं-मुली येतात, लॅपटॉप घेऊन. सहदेव आधी खिडकी उघडतो आणि पाच मिनिटं टाळ वाजवतो, अजूनही बेतालच. परवा ऐश्वर्या नावाची नवी मुलगी म्हणाली, “काका, आता तर लीगल आहे ना! मग हे कशाला?”

“शेजारी विचारतात,” सहदेव म्हणाला आणि वाजवत राहिला.