ओल्या कोब्यातली पावलं

दुपारचे तीन. रत्नागिरीत खाडीकाठी एका गलबतवाल्याचं पडीक झालेलं जुनं घर. त्याचे आता नव्या पद्धतीचे सहा ब्लॉक होत होते. मधल्या खोलीच्या दारात आम्ही तिघे उभे: कंत्राटदार बापूशेठ, धोंडू गवंडी आणि मी.

आता माझी शोभा मीच सांगतो, ऐका!

आदल्या दिवशी घातलेला सिमेंटचा कोबा वाळला होता आणि त्यात अनवाणी पावलं उमटली होती. दारातून आत, काळोखात गेलेली. खिडक्या अजून फळ्या ठोकून बंद. मजूर तर अंगणात जाऊन उभे राहिले. म्हातारा गलबतवाला याच खोलीत वारला म्हणे!

"भूतबीत काही नाही," बापूशेठ म्हणाले. "धोंड्या, तूच तुडवलंस. उद्यापासून येऊ नकोस."

"मी नाय हो गेलो आत, शेठ! पोरांची शपत!"

माझं डोकंच सटकलं. वीस वर्षं बातमीदारी केली ती हे बघायला? गरजलोच, "पुरावा काय, शेठ? सगळ्यांचे पाय लावून बघा! नाहीतर छापतो!"

कंदिलाच्या उजेडात एकेकानं पाय लावला. शेठनीसुद्धा. कुणाचाच बसेना.

"भाऊसाहेब," धोंडू हळूच म्हणाला, "तुमचा ऱ्हायला."

"माझा? हा घे!"

बसला. वाकड्या करंगळीसकट!

झालं काय, जुन्या सागवानी तुळया लांबवून शेठ आंब्याच्या घालतायत, असा मला संशय. म्हणून काल मजूर गेल्यावर गुपचूप आलो. सवयीनं वहाणा बाहेर काढल्या आणि काड्या ओढत, आढ्याकडे बघत आत फिरून मागच्या दारानं बाहेर पडलो. पायाला गार लागलं. वाटलं, नुकतंच सारवलंय!

"छापताय ना?" शेठ विचारतात. अंगणातले मजूर हसून लोळायचे बाकी. धोंडूचं काम वाचलं, अब्रू माझी गेली.

धोंडू मात्र हसला नाही. त्यानं खिडकीची फळी काढली. खोलीत ऊन आलं.

"काल एकटंच होतात ना, भाऊसाहेब?"

"एकटाच. का रे?"

त्यानं बोट दाखवलं. आत गेलेली पावलं एकाची होती. मागच्या दारानं बाहेर गेलेली दोघांची.