उपाशी पाहुणे दोनशे दहा

आमच्या कुरुंद्यात हळद वाळत घातली की शेजारच्याची चार हळकुंडं आपल्या ढिगात येतात अन् आपली त्याच्यात जातात. कोणाचं कोणतं, मग निवडता येत नाही. गल्लीतले किस्से तसेच! घडतात दत्तरावांच्या घरी, साठतात माझ्याकडं. मधे भिंत आहे, पण फार जाड नाही. लोक मला भोचक म्हणतात. म्हणू द्या. देवानं कान काय नुसते डूल घालायला दिले?

*

दत्तरावांनी उभ्या जन्मात गोडाला हात लावला नाही. चहा बिनसाखरेचा, पंगतीत जिलेबी आली की ताटावर हात आडवा. "गोडानं शुगर होती!" म्हणायचे. त्यांचे थोरले भाऊ बापूराव मात्र गोड आधी वाढून घेणार, वरण-भात नंतर!

एकदा आम्ही औंढ्याला दर्शनाला गेलो. तिथं रक्त तपासायचं शिबिर होतं, फुकट. दोघं भाऊ बसले रांगेत. बापूराव ठणठणीत निघाले, अन् शुगर निघाली दत्तरावांना!

"चिठ्ठ्या बदलल्या!" दत्तराव उसळले. पुन्हा बोट टोचलं. पुन्हा तेच.

डॉक्टर म्हणाले, "काका, पथ्यानं पुष्कळ टळतं, सगळं टळत नाही. घराण्यातूनही येते."

दत्तरावांचे डोळे भरून आले. "मंग मी इतके वर्सं जिलेबी काहून सोडली?"

बापूरावांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "वाया न्हाई गेली लेका. तुझ्या वाटची मीच खाल्ली!"

*

'घराण्यातून' हा शब्द दत्तरावांच्या बायकोच्या, शकूबाईच्या काळजात रुतला. त्यांची लेक प्रतीक्षा लग्नाची. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचं चांगलं स्थळ चालून आलेलं. मुलाकडच्यांना कळलं की बापाला शुगर, तर म्हणणार, पोरीलाही होईल.

"वैनी, सोयरीक होईस्तोवर तोंड शिवून ठिवा," शकूबाईनं मला हात जोडले. मला! पण पोरीचा सवाल होता. शिवलं.

आता अडचण अशी की डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलेलं. शेतकरी माणूस पांढरे बूट घालून रिकामा चालू लागला की गाव विचारतं, "काय, शुगर का?" म्हणून दत्तरावांनी हातात टमरेल घेतलं! टमरेलवाल्याला कोणी विचारत नाही, कुठं चाललास.

तिसऱ्याच दिवशी गुड मॉर्निंग पथकानं धरलं. "घरी संडास असून उघड्यावर?" खरं सांगावं तर सोयरीक मोडते. दत्तराव खाली मान घालून उभे. पथकानं टाळ्या वाजवल्या अन् लाज वाटावी म्हणून हातात गुलाबाचं फूल दिलं.

घरी आले तर शकूबाई दारात. "अवो, ह्या वयात गुलाब कोणी दिला?"

ते प्रकरण शुगरपेक्षा जास्त दिवस चाललं.

*

खर्चाचं म्हणाल तर शुगर म्हणजे दारात बांधलेली भाकड म्हैस. दूध नाही, शेण नाही, पण पेंड रोज पाहिजे. विकावी तर कोणी घेत नाही! महिन्याच्या गोळ्या, मधूनच रक्त, वर्षाला डोळे तपासणं. दत्तरावांनी बचत काढली. एक दिवसाआड गोळी.

डॉक्टर भडकले. "शुगर काय एक दिवसाआड असते का?"

दत्तराव म्हणाले, "साहेब, आमच्याकडं नळ सुद्धा एक दिवसाआड येतो. मला वाटलं, सगळ्यालाच चालतं."

*

मग गोळी रोज घ्यायला लागले, पण वरून कारल्याचा रस, मेथ्या अन् जांभळाच्या बियांची भुकटीही! ज्यानं जे सांगितलं ते सगळं, अन् तेही जेवायच्या आधी. शुगर उतरता उतरता पार तळाला गेली. रफिकभाईंच्या शिलाईच्या दुकानात दत्तराव घामाघूम होऊन मशीनवरच कलंडले.

आता रफिकभाईंनाही सांगावं लागलं. मी तिथंच ब्लाउज शिवायला टाकत होते, ओरडले, "गोड घाला तोंडात, गोड!" शेजारच्या हॉटेलातून गरम जिलेबी आली. रफिकभाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन एकेक तुकडा भरवला. एक संपली, दुसरी संपली. चेहऱ्यावर रंग आला.

"अब कैसा लग रहा, दत्तरावभाई?"

दत्तरावांनी एकच डोळा उघडला. "अजून एकीची चक्कर हाय."

*

सोयरीक जुळली, साखरपुडा ठरला. शकूबाईची धास्ती वाढली. घरात 'शुगर' शब्दच बंद! नवरा-बायकोनं सांकेतिक नाव ठेवलं, 'पाहुणे'. बापूरावांना सांगायचं मात्र राहून गेलं.

दत्तराव वसमतला रक्त तपासून जीपनं परत येत होते. जीप ठासून भरलेली, त्यात गोरेगावकडचं कोणी असलं तर? फोनवर म्हणाले, "हालो, उपाशी पाहुणे दोनशे दहा. जेवल्यावर तीनशे साठ!"

फोन उचलला होता बापूरावांनी.

दत्तराव जीपमधून उतरले तर दारात चार मोठाली पातेली, तांदळाचं पोतं, अन् आचारी चूल मांडून राहिलेला.

"दादा, हे काय? साखरपुड्याला पन्नासच माणसं येणार हायत!"

"तूच म्हनला ना!" बापूराव तडकले. "दोनशे दहा लोक उपाशी हायत म्हनं. माझा जीव हाय तवर ह्या दारातून कोणी उपाशी जाणार न्हाई!"

*

साखरपुड्याच्या दिवशी मंडळी पन्नासच आली. डॉक्टरांनी दम भरलेला, गोडाचा कण नको, डोळ्यांवर जाईल. अन् रीत अशी की व्याह्यांनी एकमेकांना पेढा भरवायचा! त्यात मुलाची आत्या आल्यापासून एकच विचारून राहिलेली, "घराण्यात काही बीमारी न्हाई ना?"

मी म्हटलं, "ह्यांच्याकडं माणसं म्हातारपणानं सुद्धा उशिरा मरतात!"

दोघे व्याही समोरासमोर उभे राहिले. ह्यांचा पेढा त्यांच्या तोंडाशी, त्यांचा ह्यांच्या. फोटोवाला ओरडला, "काका, मोठा घास घ्या!" दत्तरावांनी उंदरासारखा जरासा कोपरा कुरतडला अन् उगाच मोठमोठ्यानं चावू लागले. शकूबाईनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

आत्याबाई पुढं सरकल्या. "काहून हो, पेढा खाऊन न्हाई राहिले? काही पथ्य हाय का?"

मी पाहिलं, व्याह्यांच्या तोंडाशीही पेढा अख्खाच. नुसते ओठ हलत होते.

व्याही दत्तरावांच्या कानाशी वाकले. मी मागंच उभी होते, म्हणून ऐकू आलं.

"गोळी सकाळची का रातची?"

"दोन्ही टाइम," दत्तराव पुटपुटले.

व्याह्यांनी दोन्ही पेढे उचलले, बहिणीच्या तोंडात कोंबले, अन् गरजले, "वाजवा रे! सोयरीक पक्की!"