वकीलसाहेबांचा भाड्याचा कोट

चांगल्या वकिलाचे किस्से होत नाहीत. काम होतं, माणूस त्याला विसरतो. आमच्या वकीलसाहेबांनी सुरतेत एकाचंही काम धड केलं नाही, म्हणून उधन्याच्या चहाच्या टपरीवर त्यांचं नाव निघाल्याशिवाय आजही कप रिकामा होत नाही!

माझा जोडीदार सुकलाल, धुळ्याकडचा, शेठच्या लूमवर कापड विणणारा कारागीर. शेठ दोन जुने लूम विकायला निघाले. पाऊस लागायच्या आत पैसे आणले तर सुकलालला, नाहीतर भंगारवाल्याला. कुणीतरी अक्कल शिकवली, "बँकेचं लोन पाहिजे ना? मग वकील लाव!"

* * *

साहेबांचं ऑफिस फरसाणच्या दुकानावर. काचेच्या कपाटात कायद्याची जाडजूड पुस्तकं.

सुकलालने भीतभीत विचारलं, "साहेब, लोनचा कायदा यातच असंल ना?"

"सगळा यातच!" साहेब म्हणाले. "फक्त कपाटाची चावी आधीच्या भाडेकरूकडे राहिली!"

* * *

"टेन्शन नही लेने का, सुकलालभाई. मॅनेजर आपला माणूस!" हे साहेबांचं पेटंट वाक्य.

बँकेत गेलो. आपल्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "टोकन लिया?"

आम्ही बाकावर. साहेब माझ्या कानात, "बघितलं? किती घरच्यासारखं बोलतो!"

* * *

मुलाखतीच्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या लग्नातला कोट काढला. भाडं वेगळं!

"उन्हाळामा कोट?" सुकलाल कळवळला.

"मालक दिसायला नको?"

बाह्या इतक्या लांब की हात सापडेना. सुकलाल घामाने भिजून केबिनमध्ये शिरला. मॅनेजरने कोटाकडेच बघून हात जोडले.

"आइये, बैठिये! तिसऱ्यांदा लोन मागायला आलात. मागच्या वेळी आत कोणीतरी जाडा होता!"

* * *

तरी बिचारा कारखाना बघायला येतो म्हणाला. आता कारखाना कुठून आणायचा? साहेबांची अक्कल बघा! शेठ जेवायला गेल्यावर त्यांच्याच शेडमध्ये सुकलालला कोट घालून मालक म्हणून उभा केला.

मॅनेजर आला, साहेबांचं भाषण सुरू झालं. "हे सुकलालशेठ, हाताखाली वीस माणसं..."

तेवढ्यात कोपऱ्यातला लूम थांबला. लूम थांबला की कारागिराचे पाय त्याला विचारत नाहीत. सुकलाल कोटासकट धावला, तुटलेला धागा जोडला, लूम सुरू केला आणि दारात नजर गेली. शेठ जेवून परत आले होते. रोजच्या सवयीने सुकलाल ओरडला,

"शेठ, चालू केला!"

मॅनेजर पोट धरून हसला. मग म्हणाला, "वकीलसाब, आप बाहर बैठो." सुकलालला विचारलं, "आता खरं बोल."

सुकलाल खरं बोलला. पाऊस लागायच्या आत लोन पास! साहेबांनी फी घेतली ती घेतलीच, वर कोटाचं भाडंही सोडलं नाही.

* * *

पुढच्या वर्षी साहेबांनाच ऑफिससाठी लोन हवं झालं. मॅनेजर म्हणाला, "पहले जामीन लाओ." अख्ख्या सुरतेत साहेबांना जामीन मिळेना. शेवटी भर उन्हात, तोच कोट घालून, ते सुकलालच्या शेडमध्ये आले.

सुकलालने लूम थांबवले, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं.

"राहतो की जामीन. पन बँकेत मालक दिसायला पाहिजे ना, साहेब?"

आणि हात पुढे केला.

"उतरवा."