उजव्या पायाचा ब्रेक

आमच्या विक्रोळीच्या चाळीतल्या धम्मपालने मुलीला, संघमित्राला, कॉलेजात असतानाच स्वतःची रिक्षा शिकवली. "काही झालं तरी हँडल घट्ट धर आणि उजवा पाय दाब," एवढाच त्याचा धडा. रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो.

पुढे ती स्कॉलरशिपवर विमान शिकायला बाहेरगावी गेली. एकदा एकटीने उतरताना चाकं टेकली आणि आडव्या वाऱ्याने विमानाचं तोंड उजवीकडे वळलं. छोटं विमान जमिनीवर पायांनी वळवतात. तिने डावा पाय दाबायला हवा होता. घाबरून तिने हँडल घट्ट धरलं आणि उजवा दाबला. विमान धावपट्टी सोडून नाल्यात गेलं.

"पोरीच्या जातीला कशाला नसत्या उचापती?" चाळीतले म्हणाले. मेल्यांच्या तोंडाला कुलूप कोण घालणार!

आता तिच्या कमरेखाली जीव नाही. धम्मपाल तिला उचलून रिक्षात बसवतो, घाटकोपरला व्यायामासाठी नेतो.

"नेमकं काय झालं गं?" त्याने एकदाच विचारलं.

"वारा होता, पप्पा."

तेव्हापासून तो प्रत्येकाला सांगतो, "वाऱ्यापुढे कोणाचं चालतं? नाहीतर ब्रेक मारायला मीच शिकवलंय तिला."

मागच्या सीटवर संघमित्रा ऐकत असते.