मास्तरांचा ओटा

मास्तर आमच्या नगरपालिकेच्या कचेरीत आले की माणसांकडे बघायचेच नाहीत. थेट कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर जायचे आणि कमरेत वाकून त्याला म्हणायचे, "सलाम, साहेब. आज कोणाचं घर पाडताय?" मग आमच्या टेबलांवरून अशी नजर फिरवायचे की बसल्या जागी अंग चोरावंसं वाटे. मी आवक-जावकचा कारकून. त्यांचा सगळ्यांत जास्त राग माझ्यावर होता, आणि मलाही तो म्हातारा डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा.

मास्तर म्हणजे आमच्या बाजारातले शिंपी. तीस वर्षं त्यांचं मशीन घरापुढच्या दगडी ओट्यावर होतं, कारण आतल्या खोलीला खिडकी नव्हती. जामसरच्या एसटीची वाट बघणारी माणसं त्याच ओट्यावर टेकायची, कपडे शिवायला टाकायची आणि गाडी येईपर्यंत मास्तरांची बोलणी खायची. "माप देताना पोट आत घेऊ नको, भाई. शिवल्यावर ते बाहेर येतंच," असं ते तोंडावर सांगायचे. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. पण त्यांनी शिवलेला कपडा उसवायला लागल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्याकडचा पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. म्हणून मृगाच्या आधी प्रत्येक घरापुढे आडोसा बांधतात. बांबू, पेंढा, वर ताडपत्री. दसरा झाला की सोडतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण घरांच्या मोजणीचं कंत्राट बाहेरच्या माणसांना मिळालं आणि ती आली ऐन श्रावणात. त्यांनी प्रत्येक घर आडोशासकट मोजलं. आम्ही कचेरीतली माणसं सगळी इथलीच. आम्हाला दिसत होतं, पण फॉर्मात 'पावसाळी आडोसा' असा रकाना नव्हता आणि बोलायची आमची छाती नव्हती. कॉम्प्युटरने घरोघरी नोटिसा काढल्या: अनधिकृत पक्के बांधकाम, सात दिवसांत काढून टाकावे, अपील करायचे असल्यास याच मुदतीत करावे.

बहुतेकांनी दंड भरून विषय मिटवला. मास्तर नोटीस घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले. "मोठ्याने वाच," म्हणाले. मी वाचली. "आता सांग, यात माझा आडोसा कुठला आणि ओटा कुठला?" मी म्हणालो, "मास्तर, ते कॉम्प्युटरने काढलंय, मी काय करणार?" तेव्हा ते म्हणाले, "टाका मशीन घालतं रे, पण पायडलवर पाय माझा असतो. शर्ट बिघडला तर मी गिऱ्हाइकाला मशीनचं नाव सांगतो काय?" सगळी कचेरी हसली. मी रागाने लाल झालो.

त्यांच्या अपिलाची सुनावणी लागली थंडीत. तोवर आडोसा केव्हाच सुटला होता. साहेबांनी निकाल दिला की आता बांधकाम दिसत नाही, म्हणजे अर्जदाराने ते काढले, म्हणजे ते होते. मास्तरांनी विचारलं, "साहेब, उन्हाळ्यात माणसाने छत्री मिटली तर ती छत्री चोरीची होते काय?" साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. त्या निकालाचा कागद मीच टाइप केला आणि त्यात एक अक्षर बदललं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मास्तरांनी आडोसा बांधला, कारण पाऊस काही निकाल वाचून पडत नाही. या वेळी नोटीस आली ती ओट्यासकट सगळं पाडण्याची. सातव्या दिवशी मास्तर आले ते आत न येता दारातच थांबले. गळ्यातली टेप काढून भर पावसात त्यांनी आमच्या कचेरीपुढचा आडोसा मोजला. हो, आम्हीही दर वर्षी बांधायचो, त्या वर्षी तर दोऱ्या मीच आवळल्या होत्या. मास्तरांनी ते माप अर्जात लिहिलं आणि खाली एकच प्रश्न: याची नोटीस कोणाला?

अर्ज त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, मी तो आत साहेबांपुढे नेला. साहेबांनी तो वाचला. "आज घेऊ नकोस," एवढंच म्हणाले. मी बाहेर आलो आणि अर्ज परत देत मास्तरांना सांगितलं, "शिक्क्याची शाई वाळलीय. उद्या या."

शाई ओली होती. मास्तरांनी शिक्क्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अर्ज सदऱ्यात घालून ते पावसात निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि कॉम्प्युटरने उत्तर छापलं: मुदतबाह्य, फेटाळण्यात येत आहे.

आठवड्याने ओटा पाडला. दगड पक्के बसवलेले, पहारी लावून दुपारपर्यंत निघत होते. मशीन आत गेलं. तिथे दिवसाही बल्ब लावावा लागे आणि बल्बखाली मास्तरांना काळा दोरा दिसेना. आधी शर्ट बंद झाले, मग नुसत्या उशांच्या खोळी उरल्या. वर्षभराने कॉम्प्युटरने त्याच ओट्याची पुन्हा नोटीस काढली, कारण तो पाडल्याची नोंद कोणी केलीच नव्हती. ती नोटीस फाडून मी त्यांच्या घरी गेलो. दारात उभं राहून सगळं कबूल केलं. साहेबांचं, शाईचं, माझं.

मास्तर खोळ शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "तोंडी नको. लिहून दे. खाली सही कर."

मी म्हणालो, "मास्तर, नोकरी जाईल. लेकरं लहान आहेत."

"मग जा. उजेड अडवतोयस."

ते काही वर्षांनी गेले. मातीला मी गेलो, पण मागे उभा राहिलो, आणि त्यांच्या मुलाने माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याचं बरोबरच होतं. आता मी निवृत्त आहे, माझी नोकरी कोणी घेऊ शकत नाही. तेव्हा लिहून देतो की मास्तरांचा अर्ज सातव्या दिवशी, कचेरी सुरू असताना, माझ्या टेबलावर आला होता. मी तो घेतला नाही.