एक ते पाच म्हणणारा आवाज

तैवानमधल्या तैनान शहरात एका कॅफेत सॉफ्टवेअर लिहिणारी तरुण मंडळी जमली होती; ज्वांगकाकाही आले होते. काकांनी सुरू केलेल्या, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या संगीताच्या सॉफ्टवेअरमधला ध्वनिफायली उघडणारा जुना कोड नव्याने लिहायचा होता. तो तपासण्यासाठी काकांनी पूर्वी स्वतःच्या आवाजात एक ते पाच म्हणून त्याची फाइल ठेवली होती. पुढे कॅन्सरने स्वरयंत्र गेलं. मागे उरला तो एवढाच आवाज. या मुलांनी त्यांना बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

त्यांच्यातल्या पेइयूने ती फाइल वाजवली.

"रेडा रेकतोय की काय!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"काढते. साधी शिट्टी घालू. काका, चालेल ना?"

काका फोनवर लिहू लागले, 'तो मी आहे. राहू दे.'

"काका गप्प, म्हणजे होकार!" पेइयूने फाइल उडवली. टाळ्या पडल्या.

काकांनी लिहिलेलं पुसलं आणि तेही टाळ्या वाजवू लागले.